लाल दिसलं की दाबायचं

लाल बटण आधी दाबायचं आणि काय झालंय ते मग बघायचं, एवढंच ज्याला सव्वीस वर्षं पगार देऊन शिकवलं, त्या माणसाच्या फोनवर मी माझे शेअर ठेवले. चूक कोणाची हे मला कोणी सांगायला येऊ नये. मला सगळं कळतं. कळतं म्हणूनच डोकं फिरतं.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. काही वरून खाली येताना दिसलं, नको तो आवाज झाला, की थांबवायचं, विचार नंतर. हा नियम त्याच्या हाडांत इतका मुरलाय की घरातही त्याचं तेच. मिक्सर जरा वेगळा घरघरला की प्लग उपटतो. धुण्याचं यंत्र थडथडलं की बंद, कपडे फेसात तसेच. एकदा एका मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यावर पुढच्या बाईच्या कोटाचा पट्टा लोंबत होता. याने जिनाच बंद केला. माणसं एकमेकांवर आदळली, ती बाई याच्यावर खेकसली, मी लाजेने दुसरीकडे बघत उभी राहिले. वाकून बघितलं तर पट्टा जिन्याच्या दातांपासून जेमतेम वीतभर लांब होता. हे मी सांगते, कारण मला रागावायचं आहे, खोटं बोलायचं नाही.

त्याच्या नियमाला एक शेपूटही आहे. बटण दाबून झालं की धावत जायचं, दाराला तोंड लावायचं आणि विचारायचं, आत कोणी आहे का? ते शेपूट मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काम करते. तळघर, खिडकी एकही नाही. वरून ढकलगाड्या भरभरून चादरी येतात, धुऊन निघतात, आणि ओल्या चादरी दोघी-दोघींनी ताणून तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या असतात. दिवसभर हेच. संध्याकाळी माझी मनगटं पाण्याचा पेला नीट धरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ओलं वजन उचलणं बंद करा. मुकादम बाई म्हणाली, मग नोकरीच बंद कर ना. दोघांनीही सल्ला फुकट दिला.

म्हणून मला ते दुकान हवं होतं. आमच्या रस्त्याच्या वळणावर, वर्षभर बंद असलेलं. इस्त्री, रफू, कपडे लांब-आखूड करून देणं, एवढंच करायचं होतं मला. दुकानाला रस्त्याच्या बाजूने ही एवढी खिडकी होती. टेबल कुठे, यंत्र कुठे, आणि दुपारी ऊन कुठपर्यंत येतं, हे सगळं माझं बघून झालं होतं. दुकानाची मालकीण वरच राहायची, एकटी, पायांनी अधू. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. मापं घ्यायला तिने मला किल्लीच देऊन ठेवली होती. "महिनाअखेरीस अनामत आण आणि बस," म्हणाली होती. अनामत म्हणजे साडेचार लाख. ते माझ्याकडे होते. शेअरमध्ये होते.

शेअर मी कोणाच्या नादी लागून घेतले नव्हते. वाचनालयाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी एक सर 'अगदी नवख्यांसाठी शेअर बाजार' शिकवायचे, फुकट. गुळगुळीत दाढी, हातात माईक, हॉल एवढासा असूनही. सर म्हणायचे, शेअर म्हणजे लॉटरीचं तिकीट नाही, कंपनीच्या मालकीचा छोटासा तुकडा आहे. भाव म्हणजे आजच्या दिवशी लोकांचा मूड. जो धंदा तुम्हाला समजतो त्यातच पैसे घाला. सगळे एकाच ठिकाणी घालू नका. आणि वर्षाच्या आत लागणारा पैसा बाजारात ठेवूच नका. यातलं पहिलं सगळं मी ऐकलं. शेवटच्या दोन गोष्टींना मान डोलावली.

मला समजणारा धंदा एकच होता, पंप. आमच्या तळघरातले पाण्याचे पंप एकाच कंपनीचे. मी लागले तेव्हापासून रात्रंदिवस चालतायत, कधी कुरकुर नाही. मुकादम बाईचा आवाज ऐकूनही जो बंद पडत नाही तो पंप बनवणारी कंपनी बुडणार नाही, असा माझा हिशेब. सहा वर्षं थोडे थोडे करत मी त्या कंपनीचे हजार शेअर जमवले. भाव चढत चढत पाचशेवर आला. पाच लाख झाले. विकायचे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, असं ठरवलं होतं, कारण अजून थोडा चढेल असं वाटत होतं. सगळ्यांनाच वाटतं.

माझ्या जुन्या फोनमध्ये ते अ‍ॅप चालेना, म्हणून नवऱ्याच्या फोनवर घेतलं. सकाळी चहा पिताना तो मला भाव वाचून दाखवायचा. "चारशे ब्याण्णव. आज जरा ढगाळ आहे." हा त्याचा विनोद. मी दर वेळी बजावायचे, "वाचायचं. हात लावायचा नाही." तो म्हणायचा, "मी कशाला लावतोय, बाई."

त्या दिवशी माझी पहाटेची पाळी होती, चहा एकत्र झाला नव्हता. दहाच्या पुढे मुकादम बाई येऊन म्हणाली, "तुझा नवरा गेटवर आलाय. तोंड पांढरं पडलंय बघ त्याचं." कोणीतरी गेलं, असंच मला वाटलं. ओला एप्रन तसाच घेऊन मी धावले. हा गेटवर उभा, अंगात कामाचे कपडे, दोन्ही हातांत फोन धरलेला.

"पडला," तो म्हणाला.

"कोण पडलं?"

"भाव. काल पाचशे होता, आज उघडला तोच शंभरला. अजून खाली जाणार म्हणून मी विकून टाकले."

"किती?"

"सगळे. लाखभर तरी हातात राहिले."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या गेटवर प्रत्यक्ष जाताना कळली. मी फोन हिसकावला. विक्री पूर्ण, हजार शेअर, भाव शंभर आणि वर काही पैसे. खाली ते बटण अजून होतं, 'विका' असं लिहिलेलं. लालभडक.

"मला विचारलंस?" मी ओरडले. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी त्याला 'अहो' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. "एकदा तरी विचारलंस?"

"तुझा फोन कपाटात. आत फोन नेऊ देत नाहीत तुम्हाला. विचारणार कसं? म्हणून तर धावत आलो."

"आधी विकलंस आणि मग धावलास! बटण लाल होतं म्हणून दाबलंस ना?"

कोणीही शहाणा माणूस इथे नाही म्हणाला असता. हा म्हणाला, "हो."

गेटवरचा रखवालदार ऐकत होता, गाडीवाले ऐकत होते. मी काय काय बोलले ते त्यांना विचारा. शेवटी मुकादम बाईने मला दंडाला धरून आत नेलं, आणि त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा मला पाणी दिलं. यावरून मी कशी दिसत असेन ते समजा.

संध्याकाळी घरी दुसरा अंक. मी दारातूनच सुरू झाले. सहा वर्षं वाफेत उभी राहिले, मनगटं गेली, तुझ्या एका बोटाने सगळं पाण्यात घातलं. तो बराच वेळ ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सगळे एकाच कंपनीत घालू नका, हे तुझ्याच सरांनी सांगितलं होतं. लवकर लागणारा पैसा तिथे ठेवू नका, हेही. ते तू ऐकलंस?"

हे खरं होतं. खरं होतं म्हणून मी हातातली बशी भिंतीवर मारली.

"तुला एकच गोष्ट येते," मी म्हटलं. "चालू असलेलं बंद पाडणं. मी शिवणाचा वर्ग लावला तेव्हा म्हणालास, आता थांब. मूल हवं म्हटलं तेव्हा म्हणालास, घर होईपर्यंत थांब. घर झालं. थांबता थांबता बाकी काय राहिलं ते बघ."

हे बोलायचं नव्हतं. आम्ही दोघांनी ठरवून, न बोलता, ते कधी बोलायचं नाही असं केलं होतं. तो उठला आणि फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करायला लागला. वाकलेला असतानाच म्हणाला, "ऐक. दुकानाचं मी..."

"दुकानाचं नाव काढलंस तर याद राख!" मी आतल्या खोलीचं दार आपटलं. थोड्या वेळाने त्याने दारावर टकटक केली. मी आतून चप्पल फेकली. टकटक थांबली.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर मी सरळ मावशीकडे गेले. तिच्या टेबलावर किल्ली आपटली. "दुसरं गिऱ्हाईक बघा. माझ्याच्याने होत नाही."

"बस तरी," मावशी म्हणाली. "अगं, मला घाई कुठेय? तुझा नवरा..."

"त्याचं नाव माझ्यासमोर काढू नका."

"बरं, नाही काढत. पण चार दिवस जाऊ देत. रागात कशाला..."

"मावशी, मला कोणाची दया नको." असं म्हणताना मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते. राग आला की माणसाला ताठ उभं राहायला आवडतं. "तो चष्मेवाला या जागेसाठी विचारत होता ना? त्याला देऊन टाका. आत्ता फोन लावा, माझ्यासमोर."

तिने लावला नाही. मीच नंबर शोधून लावला आणि तिच्या हातात दिला. चष्मेवाल्याला काय, तो टपूनच होता. तासाभरात येऊन पैसे देतो म्हणाला. मी जिना उतरले तेव्हा खाली त्या खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही.

मग घरात मौन. तो बाहेरच्या खोलीत झोपायचा, सकाळी माझा चहा झाकून ठेवून निघून जायचा. मी तो चहा ओतून द्यायचे आणि दुसरा करून घ्यायचे. त्याने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मी नळ मोठा सोडला. शनिवारी तो अंघोळीला गेला असताना मी त्याचा फोन उचलला. न विचारता. ते अ‍ॅप मला त्या घरात नको होतं, काढूनच टाकायचं होतं.

अ‍ॅपमध्ये पंपाच्या कंपनीचे चार हजार शेअर होते.

माझे हजार होते, ते विकले गेले होते. हे चार हजार कोणाचे? मी बंद करून परत उघडलं. चार हजार. भाव शंभराच्या आसपास. वाटलं, दुसऱ्या कोणाचं काहीतरी आपल्या खात्यात येऊन पडलंय, आता पोलीस येणार. रविवारी सकाळी तो झोपलेला असतानाच फोन पिशवीत टाकून मी वाचनालयात गेले.

सरांचा वर्ग नुकताच सुरू होत होता. नवखे लोक, नवीन पेनं. मी सरळ पुढे जाऊन फोन त्यांच्या नाकासमोर धरला. सरांनी बघितलं आणि हसले. हसले!

"अहो, हा तर बोनस. कंपनीने प्रत्येक शेअरमागे चार शेअर फुकट दिलेत. एकाचे पाच झाले, म्हणून भाव पाचवा हिस्सा झाला. केक तेवढाच, तुकडे पाच. नवे तुकडे खात्यात यायला काही दिवस लागतात, भाव मात्र त्याच सकाळी बदलतो. तुम्ही एक तुकडा विकलात, योग्य भावाला विकलात. चार तुमच्याकडे आहेत. नुकसान शून्य! कंपनीने आधी कळवलंही असेल तुम्हाला."

कळवलं होतं. नंतर शोधल्यावर सापडलं, जाहिरातींच्या ढिगात, न उघडलेलं. पण तेव्हा मला एवढंच सुचलं, "सर, वर्षभर मी इथे बसले. हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"बोनस दुसऱ्या भागात येतो," सर म्हणाले. "हा प्राथमिक वर्ग आहे. दुसऱ्या भागाला माफक फी आहे."

माईक त्यांच्या हातात होता, पण गरज नव्हती. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ऐका हो सगळे! भाव एका रात्रीत पाचाचा एक झाला तर घाबरायचं नाही, आधी कंपनीने काय कळवलंय ते वाचायचं! हे मी फुकट सांगते, दुसऱ्या भागाची वाट बघू नका! बटण कसं दाबायचं ते हा माणूस पहिल्या दिवशी शिकवतो, आणि कधी दाबायचं नाही त्याचे पैसे घेतो!" एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळी वाजवली आणि बायकोने डोळे वटारल्यावर हात खाली घेतला. सर म्हणाले, "ताई, शांत व्हा." शांत व्हायला मी काही आले नव्हते. बाहेर पडले ती धावतच मावशीकडे.

वळणावर यायच्या आधीच ठोकाठोकी ऐकू आली. दुकानाच्या खिडकीत चष्मेवाल्याची माणसं काचेची कपाटं बसवत होती. माझ्या टेबलाच्या जागी उंच आरसा उभा होता आणि त्यात मी दिसले, केस पिंजारलेले, हातात पिशवी. मी जिना चढून वर गेले.

"पैसे गेले नव्हते, मावशी," मी म्हटलं. "सगळे आहेत. साडेचार लाख आत्ता देऊ शकते."

मावशीने मला खुर्ची दिली. या खेपेला मी बसले.

"चष्मेवाल्याने त्याच दिवशी पैसे भरले, करार झाला. आता मी काय करू?" ती म्हणाली. "मी थांबणारच होते, बाई. तुझा नवरा आदल्या दिवशीच येऊन गेला होता. अकराच्या सुमारास, कामाच्या कपड्यांत. म्हणाला, माझ्या हातून चूक झालीय, आठ दिवस दुकान दुसऱ्या कोणाला देऊ नका, मी कुठूनही उभे करतो. मी त्याला शब्द दिला होता. तुला सांगायला लागले तर तू मला बोलू दिलं नाहीस. आणि जिच्यासाठी शब्द दिला, तीच किल्ली आपटून गेली."

अकराच्या सुमारास. म्हणजे मी गेटवर त्याची चामडी सोलली, आणि तिथून तो सरळ इथे आला. बटण दाबलं आणि धावत जाऊन विचारलं, आत कोणी आहे का.

घरी आले तेव्हा तो टेबलाशी बसला होता. "माझा फोन बघितलास?" एवढंच म्हणाला. मी फोन उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्याने चार हजारांचा आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. मी सांगितलं, बोनस म्हणजे काय, केक आणि तुकडे. सांगताना मी भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीवर बशीचा ओरखडा होता.

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, आणि तो उठून पायांत बूट घालायला लागला.

"चल," तो म्हणाला. "मावशींकडे जाऊ. तुला सांगायचंच राहिलं, सांगू दिलं नाहीस. मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून ठेवलेत. अजून दोन शिल्लक आहेत. चल, चल."

बुटाची नाडी बांधत होता, वाकून. त्याच्या डोक्यावर केस किती विरळ झालेत ते मला वरून दिसलं.

"किल्ली मी परत दिली," मी म्हटलं.

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. चष्मेवाल्याला फोनही मीच लावला."

नाडी हातात तशीच राहिली. मी वाट बघत होते. आता ओरडेल, आता म्हणेल, मला बोललीस आणि स्वतः काय केलंस? विचारलंस कोणाला? म्हणायलाच हवं होतं त्याने. मी तयार उभी होते, उत्तरंसुद्धा तयार होती. पण हा माणूस मला भांडणही पुरं करू देत नाही. त्याने बूट काढले आणि जागेवर ठेवले.

"पैसे आले," तो म्हणाला. "दुसरं दुकान मिळेल कधीतरी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "ते दुसरं जे बोललीस. मुलाचं. ते गेली सगळी वर्षं तुझ्या मनात होतं?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. तो गेटवर 'हो' म्हणाला होता, लाल बटणाबद्दल, सगळ्यांसमोर.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, लिफ्टमधला बिघाड एकदाचा सापडल्यावर हलवतो तशी. मग आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. दोन कप काढल्याचा आवाज आला. मला त्याचा राग येत होता, माझा येत होता, सरांचा, चष्मेवाल्याचा, त्या आरशाचा येत होता, आणि एकालाही धरून हाणता येत नव्हतं. सोमवारी पहाटे परत तळघर होतं.

त्याने कप समोर ठेवला. या खेपेला मी तो ओतून दिला नाही.

"अहो," मी म्हटलं, "उद्या बाजार उघडला की कशालाही हात लावायचा नाही."

"कोणी?" त्याने विचारलं.

"दोघांनीही," मी म्हटलं, आणि तेवढं म्हणायलाही मला दात आवळावे लागले.